दात खाणारे दंतवैद्य: जबडा दुखतोय, अजून कोणाकोणाचा?

मेणाची_दाढ | ९ ऑगस्ट, रात्री ११:५२

बीडीएस, फायनल इयर. धागा काढायचं निमित्त म्हणजे आजची भाकरी. मेसमध्ये आठवड्यातून एकदाच ज्वारीची भाकरी असते, मी त्या दिवसाची वाट बघते. आज पहिलाच घास तोडला आणि उजव्या कानाच्या पुढे कोणी सुतळी आवळावी तसं झालं. उरलेली भाकरी आमटीत कुस्करून, म्हातारीसारखी खाल्ली. वय वर्षं २२.

हे सुरू झालं दुसऱ्या वर्षी, प्री-क्लिनिकलला, म्हणजे पेशंटआधी नकली दातांवर सराव करतात तिथे. आधी वाटलं वरची उजवी दाढ गेली. रूममेटने आरशाच्या दांड्याने ठोकून बघितलं, थंडाची टेस्ट केली, एक्स-रे काढला. दाढ ठणठणीत. तरी एक मैत्रीण म्हणाली, "ओपन करून बघू या का?" परीक्षेआधी ठरावीक पेशंटवर ठरावीक कामं करायचा तिचा कोटा एका आरसीटीने (रूट कॅनॉलने) अडला होता, म्हणून तिचा मोह मी समजू शकते. पण माझ्या दाढेवरून आमची मैत्री तुटली असती.

मग कळलं की दुखतं ते दाढेत नाही, गालात. दाढा आवळल्या की गालावर जो स्नायू टरारून वर येतो ना, मॅसेटर, तो दाबला की तीच ओळखीची कळ थेट दाढेत जाते. सकाळी तोंड उघडताना जड वाटतं. कानापाशी 'कट्' आवाज येतो, पण तो शाळेत असल्यापासून आहे आणि कधी दुखला नाही.

विचित्र भाग पुढे. दिवाळीला तीन आठवडे घरी होते, सगळं गायब. आईच्या हातच्या कडक चकल्यासुद्धा खाल्ल्या. कॉलेज सुरू झालं आणि चौथ्या दिवशी गाल परत दगड. आमच्या मजल्यावर सहज विचारलं तर नऊजणींपैकी पाचजणी म्हणाल्या, "अगं, मलापण!" इतके दिवस कोणीच बोललं नव्हतं.

एका सरांचं म्हणणं, बाइट, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते तपासून घे. एका पीजी दादाने स्प्लिंट (दातांवर बसणारं प्लास्टिकचं कवच) करून दिली, तीन आठवडे रात्री घालतेय. सकाळ जरा बरी जाते, दुपारी तीननंतर पुन्हा तेच.

तर प्रश्न असा: हा बाइटचा दोष आहे की टेन्शनचा? आणि टेन्शनचा असेल तर ते नेमकं गालातच का जाऊन बसतं? "टेन्शन घेऊ नकोस" हा सल्ला कृपया नको. तो मला रोज फुकट मिळतो.

---

अक्कलदाढ_गायब | १० ऑगस्ट, सकाळी ७:१५

+१. इंटर्न आहे. माझं तर पहिल्याच वर्षी वॅक्स कार्व्हिंगला, मेणाचे दात कोरताना सुरू झालं. लेक्रॉन (कोरायचं हत्यार) हातात घेतला की जीभ टाळूला, दाढेवर दाढ, श्वास बंद. वरच्या पहिल्या मोलरचा तो तिरका रिज काही केल्या यायचा नाही. मॅमनी ब्लॉक हातात घेतला, न बोलता नखाने कस्प (दाढेचं टोक) मोडली आणि पुढच्याकडे गेल्या. मी हसलो. मेणाचा दात मोडला त्यांनी, खरे दात झिजवले मी.

---

बंडूनाना | १० ऑगस्ट, सकाळी ९:०३

आमच्याकडे पोर रात्री दात खायला लागलं की जंत झाले म्हणायचे आणि वावडिंग द्यायचे. बघा घेऊन. तुम्ही शिकलेली माणसं, हसाल.

---

मेणाची_दाढ | १० ऑगस्ट, दुपारी १:४०

नाना, हसले नाही. आजी पण हेच म्हणाली. 😀

---

ताळेबंद | १० ऑगस्ट, रात्री १०:२०

मी सीए करतोय. आमच्याकडे टेन्शन काही कमी नाही, निकाल ऐकून लोक आडवे होतात. पण माझ्या ग्रूपमध्ये जबडा दुखणारा एकही नाही. पाठ, पित्त, केस गळणं, हे सगळं आहे. मग डेंटलवाल्यांचाच जबडा का? की रोज जबड्याबद्दल वाचता म्हणून जाणवतो? मेडिकलच्या पोरांना प्रत्येक रोग आपल्याला झालाय असं वाटतं म्हणे, तसं काहीतरी? उद्धटपणा नाही, खरंच विचारतोय.

---

मुखवैद्य | ११ ऑगस्ट, रात्री १२:३५

ओरल मेडिसिन शिकवतो. शेकडो विद्यार्थ्यांच्या गालावर बोट ठेवून झालंय, म्हणून सविस्तर लिहितो. ताळेबंद, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे, त्याकडे शेवटी येतो.

आधी बाइट. हा वाद आपल्या पेशात नव्वद वर्षं चाललाय. सेंट लुईसचे कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ साली अकरा पेशंटवरून लिहिलं की कान दुखणं, कानात दडे बसणं, डोकं दुखणं हे मागच्या दाढा गेल्यामुळे आणि बाइट खाली बसल्यामुळे होतं. त्यांचं शरीरशास्त्र पुढे टिकलं नाही, पण दंतवैद्यांना कल्पना फार आवडली. कारण उघड आहे. बाइट आपल्याला दुरुस्त करता येतो! मग पुढची कित्येक वर्षं चांगले दात घासून बाइट 'जुळवणं' चाललं. १९६९ साली शिकागोच्या डॅनियल लास्किन यांनी उलट बाजू मांडली: मूळ दुखणं स्नायूचं, ताणाखाली दात आवळून तो थकतो आणि आखडतो. बाइटमधला फरक बऱ्याचदा नंतर येतो. आखडलेला स्नायू जबडा किंचित सरकवतो आणि पेशंट म्हणतो, "डॉक्टर, दात नीट बसत नाहीत." आपण नेमका तोच परिणाम कारण म्हणून पकडतो. आज लास्किनही पुरेसे नाहीत, प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं आहे, पण काटा त्यांच्या बाजूला झुकलाय.

आता ताण गालात का जातो. दात एकमेकांना लागणं ही आपली नेहमीची अवस्थाच नाही. निवांत असताना ओठ मिटलेले, पण वरच्या-खालच्या दातांत दोन ते चार मिलिमीटरची फट असते. चावणं-गिळणं सगळं धरून दिवसभरात दात प्रत्यक्ष टेकतात ते साधारण वीसेक मिनिटं. आता तुमचा प्री-क्लिनिकलचा एक तास आठवा. दात कचाकचा खाल्ले जात नाहीत, नुसते टेकवून धरलेले असतात. हलकासा दाब, पण सलग, तासन्‌तास. पाण्याने भरलेली बादली उचलून ठेवली तर हात दुखत नाही, अर्धी भरलेली दिवसभर धरून उभं राहिलं तर दुखतो. जागेपणी दात आवळणं आणि झोपेत दात खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीतही त्यांच्या व्याख्या वेगळ्या केल्या. झोपेतलं दात खाणं मेंदूच्या अर्धवट जागं होण्याशी जोडलेलं आहे, आणि त्याचा सकाळच्या दुखण्याशी संबंध वाटतो तितका सरळ नाही. रात्री जोरात दात खाणारे कित्येक जण सकाळी मजेत भाकरी खातात.

त्यावर झोप. परीक्षेच्या काळात ती पाच तासांवर आली की वेदना दाबून धरणारी मेंदूची यंत्रणा ढिली पडते आणि तोच स्नायू जास्त दुखतो. दुखतं म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून दुखतं.

मेणाची_दाढ, कळ दाढेत जाते हे तू अचूक टिपलंस. मॅसेटरचं दुखणं वरच्या-खालच्या दाढांत आणि कानात जाणवतं, टेम्पोरॅलिसचं (कानशिलावरच्या स्नायूचं) कपाळाच्या बाजूला आणि वरच्या दातांत. या एका चुकीपायी किती निरोगी दाढांची आरसीटी झाली असेल, देव जाणे. तुझ्या मैत्रिणीला सांग, कोटा दुसरीकडे भरून घे.

आता ताळेबंद. तुमचा संशय अर्धा बरोबर आहे. 'दंतविद्यार्थी, ताण आणि जबडा' यावर जे ढीगभर पेपर निघतात, त्यातले बरेच एकदाच प्रश्नावली वाटून केलेले असतात. त्यातली एक लाडकी प्रश्नावली म्हणजे ब्राझीलच्या फोन्सेका यांची, १९९४ ची. दहा प्रश्न, 'हो' ला दहा गुण, 'कधीकधी' ला पाच. सोपी, पाच मिनिटांत होते, म्हणून इंटर्नच्या प्रोजेक्टसाठी लाडकी. पण तिचा दहावा प्रश्न काय? 'तुम्ही स्वतःला तणावग्रस्त व्यक्ती समजता का?' म्हणजे ताणाचे गुण आधीच जबड्याच्या बेरजेत टाकायचे आणि मग जबड्याचा ताणाशी संबंध निघाला म्हणून टाळ्या वाजवायच्या. मी परीक्षक असलो की हा प्रश्न विचारतोच, आणि समोरचा विद्यार्थी दात आवळतो. 🙂

उरलेली अर्धी बाजू अशी की संबंध आहे, तो निव्वळ कल्पनेचा खेळ नाही. सीएचा विद्यार्थी ताणात असतो तेव्हा त्याच्या हातात पेन असतं. आमचा विद्यार्थी ताणात असतो तेव्हा मान वाकवून, खांदे उचलून, श्वास रोखून, दुसऱ्याच्या तोंडात अर्ध्या मिलिमीटरचं काम करत असतो. बारीक काम करताना जबडा आवळणं हे सोनाराकडेही दिसेल, शिंप्याकडेही.

---

तारवाला | ११ ऑगस्ट, सकाळी ८:४८

ऑर्थो, म्हणजे दातांना तार लावायची प्रॅक्टिस, पंचवीस वर्षं. मुखवैद्य, आदर राखून सांगतो, बाइटला इतक्या सहज मोडीत काढू नका. स्प्लिंट दिल्यावर आठवड्यात बरे वाटलेले पेशंट मी रोज पाहतो. तो काय भास आहे? आणि या मुलांपैकी निम्म्यांच्या दातांना कधी ना कधी तार लागलेली असते, तार काढल्यावर दात जागेवर धरणारा रिटेनर कोणी धड घालत नाही. बाइट सरकतो तो सरकतोच.

---

मुखवैद्य | ११ ऑगस्ट, रात्री ९:१०

तारवाला, भास नाही. पण स्प्लिंटने बरं वाटलं म्हणून दोष बाइटचा होता, हे सिद्ध होत नाही. स्प्लिंट तोंडात असली की माणसाला दात टेकल्याचं भान येतं, हाही तिचा एक उपयोग. आणि हे दुखणं मुळातच चढतं-उतरतं असतं. माणूस आपल्याकडे येतो ते सगळ्यात जास्त दुखत असताना, पुढच्या आठवड्यात उतरायचंच होतं.

२०२३ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात दीर्घकाळच्या जबडादुखीवर मार्गदर्शक सूचना आल्या, त्या बघा. ठाम शिफारस कशाची? समजावून सांगणं आणि धीर देणं, घरचे व्यायाम, देखरेखीखाली जबड्याचे आणि पोश्चरचे व्यायाम, स्नायूंवर हाताने उपचार आणि विचार-वर्तनावर काम करणारी सीबीटी. काढता-घालता येणाऱ्या स्प्लिंटच्या ते सशर्त विरोधात आहेत, आणि बाइट कायमचा बदलणाऱ्या स्प्लिंटच्या ठाम विरोधात. दात झिजत असतील तर ते वाचवायला स्प्लिंट मीही देतो. दुखण्यावरचा मुख्य उपाय म्हणून नाही.

---

तारवाला | ११ ऑगस्ट, रात्री ९:३१

दात घासून बाइट जुळवायच्या विरोधात मीही आहे, ते नोंदवून ठेवा. बाकी पेपर लिहिणारे आणि खुर्चीशी उभे राहणारे यांच्यात फरक असतो, एवढंच म्हणतो आणि थांबतो.

---

खर्रामुक्त | १२ ऑगस्ट, दुपारी ३:०५

नागपूरचा आहे, म्हणून एक आडवा मुद्दा. तोंड कमी उघडतंय म्हणजे प्रत्येक वेळी ताण नाही. आमच्या हॉस्टेलला खर्रा (सुपारी-तंबाखू) घोटणारे डेंटलचेच होते. एकाने वर्षभर 'स्ट्रेसने जबडा धरलाय' म्हणत काढलं, तिखट लागल्यावर तोंडाची आग व्हायची तेही अंगावर काढलं. शेवटी बोटाने गाल आतून तपासला तर आत पट्टे. सबम्युकस फायब्रोसिस, सुपारीने गाल आतून कडक होण्याचा रोग. ज्या रोगाची पोस्टरं आम्ही शिबिरात लावतो तोच! २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे आणि सुपारी हवी तिथे मिळते. स्नायूच्या दुखण्यात तोंडाची आग होत नाही, गाल आतून मऊच राहतो. टेन्शनला सुपारी चघळणाऱ्यांनी हे स्वतःपुरतं तपासा.

---

मुखवैद्य | १२ ऑगस्ट, दुपारी ४:२२

फार मोलाची भर. त्यात अजून थोडी: अक्कलदाढेभोवतीची सूज, ताप, गालावर वाढत जाणारी गाठ, बधिरपणा किंवा जबडा अचानक अडकून तोंड अर्धंच उघडणं, यातलं काही असेल तर धागे वाचत बसू नका, दाखवा. घरातल्या मोठ्यांसाठीही एक. पन्नाशीनंतर चावताना जबडा दमतो, कानशील दुखतं, नजर धूसर होते, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि चालताना किंवा जिने चढताना जबड्यात कळ येत असेल तर आधी हृदय.

---

मानेवरचं_ओझं | १३ ऑगस्ट, सकाळी ६:५०

फिजिओ. माझ्याकडे येणारे दंतवैद्य मान घेऊन येतात, जबडा बोलता बोलता निघतो. डोकं पुढे काढून बसलं की खालचा जबडा मागे ओढला जातो आणि दाढा आपोआप टेकतात. आत्ता करून बघा. हनुवटी पुढे काढा, दात कुठे येतात ते पाहा. मग ताठ बसा.

मेणाची_दाढ, करायचं ते अगदी साधं आहे. जीभ 'न' म्हणताना लागते तिथे टाळूला टेकव, दात सुटे, ओठ मिटलेले. जीभ तिथेच ठेवून जेवढं उघडेल तेवढंच तोंड सावकाश उघड-मीट, सहा वेळा, दिवसातून सहादा. गालाला गरम ओला टॉवेल, पंधरा मिनिटं. जांभई येताना मुठीने हनुवटीला आधार. काही दिवस चिक्की, ऊस, च्युइंगगम बंद. मऊ भातावर महिनोन्‌महिने राहू नकोस मात्र, स्नायूला काम लागतंच. आणि खुर्ची! पेशंटला आडवं करायला लाजतात पोरं. आजोबा म्हणतात, "झोपवू नको रे, भोवळ येते," की हे स्वतः वाकतात. अर्धवट तरी कलवा, स्वतःचं स्टूल वर घ्या.

---

लेकीची_आई | १३ ऑगस्ट, दुपारी २:१८

माझी मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे, हे वाचून तिला फोन केला. "तुझा जबडा दुखतो का?" तर म्हणाली, "आई, सगळ्यांचाच दुखतो." इतक्या सहज! मागच्या महिन्यात डेन्चरच्या (कवळीच्या) पेशंटसाठी तिने आमच्या गल्लीतल्या आजींना तयार केलं, येण्या-जाण्याचं भाडं आम्ही दिलं, आजी चौथ्या वेळेला आल्याच नाहीत. मुलगी रडली. मला वाटलं होतं डॉक्टरकी शिकायला गेली आहे, ही तर पेशंट शोधत हिंडते.

---

अक्कलदाढ_गायब | १३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:४४

काकू, अगदी हेच. फायनलला आठ विषय, प्रत्येकाचा कोटा वेगळा, काम तपासल्याची प्रत्येकाची साइन वेगळी. परीक्षेचं टेन्शन तरी कळतं, तारीख असते त्याला. पण पेशंट येईल का, आला तर खुर्ची मिळेल का, खुर्ची मिळाली तर स्टाफ जागेवर असेल का, असले तर मूड कसा असेल, याला तारीख नसते. आणि पेशंटसमोर ओरडा खाताना चेहरा सरळ ठेवायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त आमच्यात तोंड आतून दाबलेलं असतं.

---

मुखवैद्य | १३ ऑगस्ट, रात्री ११:०५

आम्हा शिक्षकांचा यात वाटा आहे, नाकारत नाही. मेणाचे दात मीही मोडलेत. आमचे मोडले गेले होते म्हणून मोडले, याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

मेणाची_दाढ, एक काम देतो. रंगीत ठिपक्यांचे स्टिकर आण. मोबाइलवर, आरशाच्या दांड्यावर, जर्नलवर, टेबलाच्या दिव्यावर लाव. ठिपका दिसला की एकच बघायचं: दात टेकलेत का? टेकले असतील तर ओठ मिटून 'म' म्हण, सुटतात. आणि कुठे टेकले होते ते लिही. दोन आठवडे. दुखऱ्या जागेचीही नोंद ठेव. डीसी/टीएमडीच्या, म्हणजे जबडादुखीच्या निदानाच्या ठरलेल्या तपासणीत मॅसेटरवर एक किलोचा दाब देतात, तो किती हे आधी मेसच्या वजनकाट्यावर बोट दाबून शिकून घे. पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोज, चाळीस मिलिमीटरच्या वर असेल तर निवांत.

---

मेणाची_दाढ | २९ ऑगस्ट, रात्री १०:१७

अहवाल देते, सर. उघडणं ४४ मिलिमीटर. मेसच्या काकांनी काट्यावर बोट दाबताना पाहिलं आणि विचारलं, "बोट विकायचंय का?"

वहीत मला वाटलं होतं त्याच्या उलट निघालं. मला खात्री होती की काम करताना आवळत असणार. आवळते, पण कमी. पेशंटशी बोलत असले की दात सुटे असतात, कारण बोलताना टेकवता येत नाहीत! सगळ्यात जास्त नोंदी तीन ठिकाणी. साइनसाठी रांगेत उभी असताना, सतरा. रात्री जर्नल लिहिताना, मोबाइल बाजूला ठेवून मान खाली, बारा. आणि पेशंट फोन उचलत नाही तेव्हा, अकरा. दुपारी तीननंतर का दुखायचं ते आता कळलं. साइनची रांग दोन वाजता लागते.

स्प्लिंट रात्री होती, आवळणं दुपारी. कुलूप मागच्या दाराला आणि चोर पुढून.

पहिला आठवडा भयंकर गेला. दर ठिपक्याला दात टेकलेलेच, त्याचंच टेन्शन. मग हळूहळू ठिपका नसतानाही कळायला लागलं. दुखणं गेलं नाही, पण दहापैकी सात होतं ते तीन-चारवर आलंय. कोटा तेवढाच आहे, हेही नोंदवते. माझा जबडा सुटला म्हणून एकही पेशंट वाढला नाही.

---

ताळेबंद | २९ ऑगस्ट, रात्री १०:५५

दोन आठवड्यांच्या नोंदी, वर्गवारीसह. तू चुकीच्या कोर्सला गेलीस. आणि कबूल करतो, परवा आर्टिकलशिपमध्ये बॅलन्स जुळत नव्हता तेव्हा बघितलं. दाढेवर दाढ होती.

---

मेणाची_दाढ | ६ डिसेंबर, रात्री ९:३०

प्रिलिम झाली. डेन्चरच्या परीक्षेला माझ्या पेशंट आजी वेळेच्या अर्धा तास आधी हजर होत्या, डब्यात माझ्यासाठी गूळपोळी घेऊन. इम्प्रेशन घेताना गाल परत दगड झाला, म्हणजे प्रकरण मिटलंय असं नाही. पण बाहेर येऊन गूळपोळी खाल्ली, कडेच्या कडक भागासकट.

आमच्या मजल्यावर आता सगळ्यांच्या आरशांवर हिरवे ठिपके आहेत. परवा साइनच्या रांगेत मॅमनी माझ्या जर्नलवरचा ठिपका पाहिला आणि विचारलं, हे काय. सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण साइन करता करता त्यांचा गाल हलला आणि थांबला. मी बघितलं.

---

बंडूनाना | ७ डिसेंबर, सकाळी ८:५६

सगळं वाचलं. जंताचं औषध घेतलंस का ते नाही लिहिलंस.

---

मेणाची_दाढ | ७ डिसेंबर, दुपारी १:१२

घेतलं, नाना. अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम. आजीने समोर बसून चघळायला लावलं.